आईचे स्मरण वेदीपाशी





नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने आपल्या मृत बांधवांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. १ तारखेला सर्व संतांचा सण, २ तारखेला सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन. या दिवसांत आपण कबरस्थानातले गवत काढतो, क्रूस सरळ करतो, मेणबत्ती लावतो. आपल्या नवापूर तालुक्यात याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते. दिवाळी आटोपते, भात कापून होतो आणि पाड्यापाड्यांवर ट्रक येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कोयता, पातेली, गोधड्या आणि लहान मुले गाडीत चढतात आणि गाडी गुजरातच्या ऊसतोडीला निघते. मागे राहतात म्हातारी माणसे, आणि त्यांतही बहुधा म्हाताऱ्या आया.

मृतांसाठी अर्पायच्या मिस्सेकरिता तुम्ही नावांच्या चिठ्ठ्या आणून देता, तेव्हा बहुतेक चिठ्ठ्यांवर पहिले नाव आईचे असते. बापाची, भावाची, आजोबांची नावे असतात; पण सुरुवात आईपासून होते. म्हणून आज एक प्रश्न आपण सर्व मिळून विचारू या. आईचे स्मरण करायचे म्हणजे नेमके काय करायचे? चिठ्ठीवर नाव लिहिले की स्मरण झाले का?

पवित्र शास्त्रापासून सुरुवात करू. संत पौल तुरुंगात आहे, आयुष्याचा शेवट जवळ आला आहे आणि तो आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्र लिहितो आहे. त्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो तीमथ्याच्या विश्वासाची आठवण काढतो आणि सांगतो की हा विश्वास आधी तुझ्या आजीत, लोईसमध्ये होता, मग तुझ्या आईत, युनीकेत होता आणि आता तो तुझ्यात आहे. पौलाने येथे दोन बायकांची नावे घेतली. तीमथ्याच्या वडिलांचे नाव कोठेच येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत एवढेच कळते की ते ग्रीक होते आणि आई यहुदी होती. म्हणजे घर एकच, पण घरातली माणसे वेगवेगळ्या वाटेची. अशा घरात एका आजीने आणि एका आईने विश्वासाचा दिवा विझू दिला नाही. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत. कोणी स्नानसंस्कार घेतला आहे, कोणी घेतलेला नाही. एक भाऊ मिस्सेला येतो, दुसरा वेगळ्या मंडळीत जातो, तिसरा आपल्या पूर्वजांच्या रीतीने चालतो. म्हणून लोईस आणि युनीके आपल्याला परक्या वाटायला नकोत.

आता एका आईची गोष्ट सांगतो. ती आपल्या नाशिक धर्मप्रांताच्या मातीतलीच आहे. गोदावरीकाठी नाशिकजवळ जलालपूर नावाचे गाव आहे. तेथे १८६८ साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. माहेरचे नाव मनकर्णिका. पुढे साऱ्या महाराष्ट्राने तिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखले. त्या कॅथलिक नव्हत्या. त्या काळच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतल्या होत्या. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आदेशात आपल्याला शिकवले आहे की, आपल्यापासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती बांधवांत जे जे खरोखर ख्रिस्ताचे आहे, ते आपण आनंदाने मान्य करावे. म्हणून आज त्यांच्याकडून शिकताना संकोच नको.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे अतोनात वेड होते. त्या वेडाखाली सारे घर दबून गेले होते. अकरा वर्षांच्या वयात त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी होते, विद्वान होते, पण रागीट होते आणि त्यांच्या हातात पैसा कधी टिकत नसे. आज येथे तर उद्या तेथे, असा संसार. मुले झाली, त्यांतली काही लहानपणीच गेली. मग एके दिवशी आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने टिळकांना नवा करार वाचायला दिला. ते वाचत गेले, विचार करत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरी पत्नी होती आणि लहानगा मुलगा होता. पत्नीच्या डोक्यावर जणू आकाश कोसळले. नवरा जिवंत असून तिला नवऱ्यापासून वेगळे राहावे लागले. नातेवाइकांच्या आधाराने, कधी पंढरपूरला, कधी आणखी कोठे, तिने दिवस काढले. मन खचले, शरीर खचले. टिळकांची पत्रे येत राहिली. त्यांनी तिला ओढत नेले नाही. काही वर्षांनी ती नवऱ्याकडे राहायला गेली, तेव्हाही आपली चूल वेगळी आणि आपले पाणी वेगळे ठेवून गेली. घर एक, स्वयंपाक दोन.

आता पुढचे नीट ऐका. एका रात्री झोप येईना, तेव्हा ती स्वतःशीच विचार करू लागली. माणसाला देवाने निर्माण केले हे खरे. पण या जाती कोणी निर्माण केल्या? देवाने प्राण्यांच्या जाती वेगळ्या केल्या, त्या दिसतात. माणसामाणसांत तसा फरक कोठे दिसतो? मग हा विटाळ आला कोठून? विचार करता करता तिच्या मनातली एक भिंत पडली. कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे तिने ठरवले. त्यानंतर, १९०० साली, तिने स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

माझ्या प्रिय बंधू-भगिनींनो, येथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली ही की विश्वासाला वेळ लागतो. १८९५ ते १९००, अशी पाच वर्षे नवऱ्याने वाट पाहिली आणि बायकोने झगडा केला. कोणाचाही विश्वास जबरदस्तीने घडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणेत हेच सांगितले, की विश्वासाचे उत्तर माणसाने देवाला मोकळ्या मनाने द्यायचे असते. ते कोणी कोणाकडून वदवून घेऊ नये. तुमच्या घरात कोणी अजून चर्चला येत नसेल तर त्याच्याशी भांडू नका. जेवणाच्या ताटावरून टोमणे मारू नका. प्रार्थना करा, प्रेमाने वागा आणि वाट पाहा. देवालाही वाट पाहता येते.

दुसरी गोष्ट. लक्ष्मीबाईंचा विश्वास स्वयंपाकघरातून आला. पाण्याचा हंडा कोणी भरायचा, भाकर कोणाच्या हातची खायची, या प्रश्नावर त्यांचे हृदय उघडले. पुढे टिळकांच्या घरात निराधार मुले वाढली, पाहुण्यांची रीघ लागली. प्लेगच्या दिवसांत नवरा-बायको दोघांनी आजाऱ्यांची सेवा केली. ज्या हातांना कधी काळी दुसऱ्याच्या सावलीचाही विटाळ वाटे, ते हात आता कोणाच्याही अंगाला लागत होते. ख्रिस्तसभा कुटुंबाला घरातली छोटी ख्रिस्तसभा म्हणते. या छोट्या ख्रिस्तसभेची वेदी म्हणजे चूल, असे म्हटले तर चुकीचे ठरू नये. आपल्या आयांनी आपल्याला धर्म शिकवला तो याच वेदीपाशी. भाकर थापताना त्यांनी क्रूसाची खूण करायला शिकवले. दारात आलेल्याला उपाशी पाठवू नये, हे त्यांनी सांगितले नाही, करून दाखवले. महिना कडक असला, धान्य संपत आले असले, तरी एक भाकर वेगळी ठेवली.

१९१९ साली टिळक वारले. लक्ष्मीबाई पन्नाशीत होत्या. शाळा अशी त्यांनी कधी पाहिली नव्हती. लिहा-वाचायला त्या लग्नानंतर नवऱ्याकडून शिकल्या होत्या. टिळकांनी प्रभू येशूच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' नावाचे महाकाव्य सुरू केले होते, पण सुमारे अकरा अध्यायांवरच ते थांबले होते. ते अपुरे काम या विधवेने हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय लिहिले. मुलाला वडिलांच्या आठवणी हव्या होत्या, म्हणून त्या आठवणीही लिहू लागल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक झाले. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाईंनी देह ठेवला. मराठीतल्या अत्यंत मोलाच्या पुस्तकांत त्याची गणना होते आणि इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली आहेत.

त्या पुस्तकात एक गुण आहे, तो आपण आज घ्यायचा आहे. लक्ष्मीबाईंनी नवऱ्यावर मनापासून प्रेम केले, पण त्याचा रागीटपणा लपवला नाही. स्वतःचे अज्ञान, हट्ट, फजिती हेही झाकले नाही. उलट त्यावर त्या हसल्या. आपण मात्र आई गेली की तिची मूर्ती करतो. ती कधी रागावली नाही, कधी थकली नाही, कधी चुकली नाही, असे बोलू लागतो. अशा मूर्तीपुढे हार घालता येतो, पण तिच्याकडून शिकता येत नाही. तुमची आई कधी देवावर रुसली असेल. मूल दगावले तेव्हा काही आठवडे चर्चला आली नसेल. आणि मग पुन्हा एका रविवारी डोक्यावर पदर घेऊन मागच्या बाकावर येऊन बसली असेल. तिचे ते परत येणे, तो तिचा खरा विश्वास. ते झाकून ठेवले तर मुलांना कळणार कसे, की रुसलेल्या माणसालाही देवाच्या घरी परत येता येते?

आता दुसऱ्या एका आईकडे वळू. संत मोनिका ही संत ऑगस्टीनची आई, उत्तर आफ्रिकेतली. तिचेही घर मिश्रच होते. नवरा पात्रीसियुस ख्रिस्ती नव्हता. आयुष्याच्या शेवटी त्याने स्नानसंस्कार घेतला. मुलगा हुशार, पण भलत्या वाटेला लागलेला. मोनिकेने त्याच्यासाठी वर्षानुवर्षे अश्रू गाळले. इ. स. ३८७ च्या पास्कासणाला मिलान शहरात बिशप अम्ब्रोज यांच्या हातून ऑगस्टीनचा स्नानसंस्कार झाला. त्याच वर्षी घरी परतताना, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मोनिका तापाने आजारी पडली. तिला परदेशात मरण येऊ नये, आपल्या गावी यावे, असे तिच्या दुसऱ्या मुलाला वाटत होते. तेव्हा तिने मुलांना सांगितले की हे शरीर कोठेही पुरा, त्याची काळजी करू नका. माझे मागणे एवढेच आहे की तुम्ही जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. ऑगस्टीनने हे आपल्या आत्मनिवेदनाच्या नवव्या भागात लिहून ठेवले आहे. १९४५ साली ओस्तियात काही मुले खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणत होती, तेव्हा मोनिकेच्या कबरीवरच्या लेखाचा एक तुकडा त्यांना सापडला. दगड मातीत गाडला गेला, तुटला. पण त्या मधल्या साडेपंधराशे वर्षांत वेदीपाशी तिचे स्मरण थांबले नव्हते.

वेदीपाशीच का? कारण येथे स्मरण या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात ऑगस्टीनचे स्मृतीवरचे चिंतन वाचायला मिळते. स्मृती हे एक विशाल दालन आहे, त्यात सारे आयुष्य साठलेले असते, असे तो म्हणतो. पण त्या दालनालाही कुलूप लागते. म्हातारपणी आपण विसरतो, आणि आपल्याला ओळखणारेही एक दिवस जातात. पणजीचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? माणसाची आठवण तीन पिढ्यांपलीकडे फारशी जात नाही. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या स्मरणार्थ हे करा असे सांगितले, तेव्हा त्याने आपल्याला अशा आठवणीच्या हवाली केले नाही. पवित्र मिस्सेत त्याचे मरण आणि पुनरुत्थान आज आपल्यासमोर, आपल्यासाठी उपस्थित होते. म्हणून वेदीपाशी ज्याचे नाव घेतले जाते, त्याला देव आपल्या स्मरणात धरतो. आपण विसरलो तरी तो विसरत नाही. मृतांसाठी प्रार्थना करणे ही पवित्र आणि चांगली गोष्ट आहे, हे मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आपण वाचतो.

येथे एक प्रश्न उठतो. तो आपल्या भागातल्या अनेकांच्या मनात असतो, पण विचारायला भीती वाटते. आमची आई, आमची आजी स्नानसंस्कार न घेताच गेली. ती चांगली होती, कोणाचे वाईट केले नाही, आम्हाला चर्चला जायला तिने कधी अडवले नाही. तिचे नाव मिस्सेत घेता येईल का? ती कोठे असेल?

होय, तिच्यासाठी प्रार्थना जरूर करा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितले आहे की, ज्यांना स्वतःचा काही दोष नसताना ख्रिस्ताची शुभवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाचा शोध घेतात आणि आपल्या विवेकाच्या आवाजाप्रमाणे त्याच्या इच्छेनुसार वागायचा प्रयत्न करतात, त्यांनाही देवाच्या कृपेने तारण मिळू शकते. मिस्सेत धर्मगुरू ख्रिस्ती मृतांबरोबर इतर मृतांसाठीही प्रार्थना करतो; चौथ्या युखरिस्त प्रार्थनेत तर ज्यांचा विश्वास एका देवालाच ठाऊक आहे, अशांचाही उल्लेख येतो. तुमच्या आजीचा विश्वास देवाला ठाऊक आहे. मोहाची फुले वेचायला पहाटे रानात जाताना तिने कोणापुढे हात जोडले, आजारी लेकराजवळ रात्रभर बसून ती काय पुटपुटली, हे त्याने ऐकले आहे. तिचे नाव चिठ्ठीवर लिहा. लाजू नका, घाबरू नका.

आता शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट. ज्यांच्या आया गेल्या त्यांच्याबद्दल आपण बोललो. पण ज्यांच्या आया आज जिवंत आहेत, त्यांचे काय? चौथी आज्ञा आईबापांचा मान राख असे सांगते. संत मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू अशा लोकांवर कडक शब्दांत बोलतो, जे आपले धन देवाला अर्पण केले आहे असे सांगून आईबापांना मदत करायचे टाळत. देवाच्या नावाखालीसुद्धा आईला उपाशी ठेवता येत नाही, मग इतर कोणत्या कारणाने ठेवता येईल? सिराखच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे की आईबाप म्हातारे झाले, त्यांची बुद्धी मंद झाली, तरी त्यांना जप आणि त्यांना तुच्छ लेखू नकोस.

तुमच्यापैकी अनेक कुटुंबे या आठवड्यांत ऊसतोडीला जातील. पोटासाठी जावे लागते, त्याला इलाज नाही. देवाला तुमची अडचण कळते. पण जाण्यापूर्वी एवढे करा. मागे राहणाऱ्या आईचे रेशन कोण आणणार, हे ठरवा. तिच्या तापाच्या दिवशी तिला दवाखान्यात कोण नेणार, हे शेजाऱ्याला सांगून जा. उचलीतले थोडे पैसे तिच्या हातात ठेवा. जाण्याच्या सकाळी तिच्यापुढे वाका आणि तिला तुमच्या कपाळावर क्रूसाची खूण करू द्या. आणि आठवड्यातून एकदा फोन करा. पुढच्या नोव्हेंबरात तिच्या कबरीवर मेणबत्त्यांची रांग लावण्यापेक्षा या नोव्हेंबरातला एक फोन तिला जास्त उजेड देईल. जे गावात राहणार आहेत, त्यांनी आपापल्या पाड्यावरच्या अशा एकट्या आईकडे आठवड्यातून एकदा जावे. युवक-युवतींनी हे आपले काम समजावे.

आणखी एक लहानसे काम. लक्ष्मीबाईंच्या मुलाने आईला आठवणी लिहायला लावल्या, म्हणून एका ख्रिस्ती घराची गोष्ट आज आपल्या हाती आहे. आपल्या घरांच्या गोष्टी कोण लिहिणार? शाळेत किंवा वसतिगृहात शिकणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने नाताळच्या सुट्टीत घरी आल्यावर वहीचे एक पान घ्यावे आणि आईला किंवा आजीला विचारावे. तुझे माहेर कोणते? क्रूसाची खूण तुला कोणी शिकवली? आमच्या घरात पहिला स्नानसंस्कार कोणाचा झाला आणि तेव्हा पाड्यावरचे लोक काय म्हणाले? सर्वांत कठीण दिवस कोणता होता, आणि त्या दिवशी तू काय केलेस? ती सांगेल तसे, तिच्या बोलीतच लिहा. शुद्धलेखनाची चिंता नको. ते पान घरच्या बायबलमध्ये ठेवा. उद्या तुमच्या मुलांना त्यांची लोईस आणि युनीके त्यातच भेटेल.

मरियामाता क्रूसाजवळ उभी राहिली. तिला काही बोलता आले नाही, काही करता आले नाही. ती फक्त तेथून हलली नाही. आपल्या कितीतरी आया अशाच जगल्या. त्या हलल्या नाहीत म्हणून आपण आज येथे आहोत.

हे प्रभू येशू, ज्या आयांनी आम्हाला तुझे नाव सांगितले, त्यांना तुझ्या पित्याच्या घरी शाश्वत विसावा दे. ज्यांना तुझे नाव कळले नाही, पण ज्यांनी तुझ्यासारखे प्रेम केले, त्यांनाही जवळ घे. ज्या आज आमच्या घरात म्हाताऱ्या झाल्या आहेत, त्यांना एकटे सोडण्याचे पाप आमच्या हातून घडू देऊ नकोस. दूर उसाच्या फडात राबणाऱ्या आयांना आणि त्यांच्या लेकरांना सांभाळ. आमेन.

तुमचा ख्रिस्ताठायी,
धर्मगुरू